नोकरी सोडण्याआधी अनुभवपत्र नीट करून घ्या

कॅनडाच्या पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) धडपडणारी नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतली मुलं अनुभवपत्रावर अडतात. पत्रात नुसतं 'इंजिनिअर', काम मात्र सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवरचं. तिकडे हुद्द्यापेक्षा काम बघतात.

१. कॅनडाच्या एनओसी यादीत (ही ना-हरकत नव्हे, तिथल्या सरकारची व्यवसायांची यादी; प्रत्येक व्यवसायाचा कोड आणि त्यातली कामं तिच्यात असतात) रोजच्या कामाशी जुळणारा ५ अंकी कोड शोधा. मशिनिस्ट ७२१००, वेल्डर ७२१०६.

२. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि खरी कामं लिहून घ्या: जॉब सेटिंग, ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटरने माप तपासणं, असं सुटं सुटं. मसुदा आपणच टाइप करून एचआरला द्या, नाहीतर ठरलेलं चार ओळींचं पत्र हातात पडतं.

एनओसी यादीतली कामांची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. न केलेलं काम तर घालूच नका. खोटं निघालं तर ५ वर्षं बंदी.