दिवाडीला दोन दिवस, तबला नेऊन पण न वाजवता

मी मूळचा पुण्याचा, बरीच वर्षं हॅम्बुर्गला तबला शिकवतोय, आणि ईस्टरच्या सुट्टीत गोव्यात एखादा कार्यक्रम लागला की मधला शनिवार-रविवार दिवाडी बेटावर काढतो. बाहेर राहणारे वाजवणारे-गाणारे मित्र सारखे विचारतात की बीच सोडून जायचं कुठे, तर घ्या.

पणजीहून भाड्याची स्कूटर काढा, ओल्ड गोव्यात चर्चची गर्दी मागे टाकून व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का. रायबंदरहून पण फेरी आहे. पायी माणसाला तिकीट नाही, मांडवी ओलांडायला काही मिनिटं लागतात आणि बेटाला पूल नाही, म्हणून तर ते अजून असं शांत आहे. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच फेरीवाल्याला विचारून ठेवा. मी एकदा नाही विचारलं, मग धक्क्यावर डासांबरोबर बसलो.

पलीकडे उतरलात की दोन्ही बाजूला खाजन, म्हणजे खारं पाणी बांध घालून अडवलेली शेती. बांधात मानस असतं, लाकडी दारं, भरती आली की पाण्याच्या जोराने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, कोणी हात लावायचा नाही. मी पहिल्या वेळी तासभर तेच बघत बसलो होतो, लय बघायची सवय, दुसरं काय.

आता तबल्याचं. एप्रिलची गोव्याची हवा म्हणजे ओला टॉवेल, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सैल पडते आणि सूर खाली येतो. हॅम्बुर्गला हिटरच्या खोलीत नेमकं उलटं, चढतच जातो. त्यामुळे इथे सूर जुळवायच्या नादाला लागू नका, सकाळी गठ्ठे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकून सूर वर चढवाल आणि दुपारी परत तेच. उन्हात ठेवून ताणायचा शहाणपणा तर अजिबात नको. डग्गा पणजीतच ठेवा, उजवा तेवढा आणा, तोही चुंबळीवर ठेवून नुसता बघायला. सुरुवातीला फार अपराधी वाटतं, रियाज चुकला वगैरे, पण जर्मनीत रविवारी शेजाऱ्यांच्या भीतीने हात बांधलेले असतात तेव्हा कुठे वाटतं?

खाण्याची काळजी नको. पहाटे पोदेर सायकलवर पों पों करत येतो, गरम पोळी घ्या (आपली पोळी नव्हे, कोंडा लावलेला गोल पाव), त्यात पातळ भाजी. दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, सोबत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर. सीझन उर्राकचा, काजूची पहिल्या धारेची दारू, फेणीपेक्षा हलकी. लिम्का, मीठ, एक उभी चिरलेली हिरवी मिरची. दोन ग्लास. तिसरा घेतलात तर दुपार गेली समजा, आणि जाऊ दे की.

संध्याकाळी मात्र घुमट वाजवणारं कोणी भेटतंय का बघा. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं, उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड कमी-जास्त झाकून घुमारा वळवायचा. डग्ग्यावर आपण मनगट घासून जी मींड (सूर घसरवत नेणं) काढतो ना, तीच इथे हवेने निघते. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, आता त्यावर बंदी आहे म्हणून बकरीचं. घाई नको पण. एका आजोबांना मी आल्या आल्या म्हटलं वाजवून दाखवा, तर म्हणाले, "आयज ना, फाल्यां यो." दुसऱ्या दिवशी गेलो तर झोपलेले. संध्याकाळी परत गेलो तेव्हा वाजवलं, आणि मग मला उठू देईनात.

रविवारी सकाळी पिएदादच्या टेकडीवर चढा, चर्चमध्ये कोंकणी मिस्साची गाणी बाहेर पायरीवर बसून ऐका, समोर नदी आणि पलीकडे ओल्ड गोव्याचे मनोरे. उत्साह असला तर बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी धरून सप्तकोटेश्वराला जाऊन या. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं कुलदैवत, मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, आणि नार्व्याच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला. उत्साह नसला तर झोपा.

आणि परतीच्या फ्लाइटआधी एक काम न विसरता करा, गठ्ठे वर सरकवून पुडी सैल करा. इथल्या दमट हवेत चढवलेला तबला तिकडच्या कोरड्या खोलीत गेला की चामडं आवळतं. मी एक वर्ष विसरलो, घरी पोचलो, बॅग कोपऱ्यात ठेवून आंघोळीला गेलो, आणि बाहेरून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. शाईच्या, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाच्या कडेने सरळ चीर. नवी पुडी पुण्याहून यायला दीड महिना लागला.