ग्रॅम पार्सन्सचा 'ग्रीव्हस एंजल' ऐकायचाय? एमिलू हॅरिसचा आवाज पकडा

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्यातले बरेच जण हॅट, घोडे, दारू असं म्हणून सोडून देतात, मीपण त्यातलाच होतो. या अल्बमने सुधारलो, पण पहिल्या दोन वेळा मी तो चुकीचा ऐकला म्हणून हे लिहितोय.

आधी एक भानगड. अमेरिकन कंट्री गायक ग्रॅम पार्सन्सचे सोलो स्टुडिओ अल्बम दोनच, 'जीपी' १९७३ चा आणि 'ग्रीव्हस एंजल' जानेवारी १९७४ चा, आणि सीडीवर दोन्ही एकत्रच निघाले त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सलग २० गाण्यांची यादी दिसते. त्यातली पहिली ११ 'जीपी'ची, आपला अल्बम १२व्यापासून सुरू होतो. शफल बंद करा प्लीज.

आणि विकिपीडिया आत्ता उघडू नका. सप्टेंबर १९७३ मध्ये, अल्बम यायच्या आधीच, २६व्या वर्षी तो गेला, मग मित्रांनी एअरपोर्टवरून त्याची शवपेटीच पळवली आणि जोशुआ ट्रीच्या वाळवंटात नेऊन पेटवली, किस्सा खरा आहे पण तो डोक्यात बसला की गाणी बाजूलाच राहतात.

आता मेन गोष्ट. आपल्या युगलगीतात कसं, एक ओळ तो, एक ओळ ती, धृपदाला दोघं एकत्र आणि तेही बहुतेकदा एकाच चालीवर. इथे तसं नाही. ग्रॅम आणि त्याच्यासोबत गाणारी एमिलू हॅरिस तेच शब्द त्याच क्षणी म्हणतात पण सूर वेगळे, ती बहुतेक वेळा त्याच्या वर. म्हणून सरळ सातव्या गाण्यापासून सुरू करा, 'लव्ह हर्ट्स' (एकत्र यादीत १८वं). नाझरेथ बँडचं रॉक व्हर्जन ऐकलं असेल तर ते तासभर विसरा. हेडफोन लावून एकदा फक्त त्याच्यामागे जा, त्याचा आवाज काही फार तयारीचा नाही, थोडा हलतो, कुठेकुठे सुटतोय असं वाटतं. मग परत लावा आणि आता फक्त ती, तो नाहीच असं समजा. सुरुवातीला कान सारखे त्याच्याकडेच घसरतील, होऊ दे, तिसऱ्या वेळी कळेल की ती त्याच्या शेजारी गात नाहीये, त्याला धरून गातेय.

हे जमलं की पहिल्या गाण्यावर या आणि क्रमाने ऐका. मागे जे रडल्यासारखं वाजतं ते पेडल स्टील, वाजवणारा अल पर्किन्स. हवाईयन गिटारवर वाजवलेल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना रेडिओवर ऐकल्यात ना, त्याचंच हे पुढचं भावंड, फक्त पाय आणि गुडघ्याने एकेक तार ताणता किंवा सैल करता येते, त्यामुळे एक सूर जागच्या जागी राहतो आणि दुसरा मींड घेत सरकतो. बाकी गिटारवर जेम्स बर्टन, पियानोवर ग्लेन डी. हार्डिन, म्हणजे चक्क एल्विसच्या बँडमधली माणसं.

'आय कान्ट डान्स' आवडलं नाही तर पुढे ढकला, मीपण ढकलतो. पण चौथं, 'ब्रास बटन्स', अजिबात सोडू नका. त्याच्या आईवरचं समजलं जाणारं गाणं, आणि इथे तो एकटाच गातो. आत्तापर्यंत तिच्या आवाजाची सवय झालेली असते त्यामुळे ती पोकळी बरोब्बर जाणवते. लगेच पुढे 'थाउजंड डॉलर वेडिंग', पत्रिका गेल्यात आणि नवरीच नाही, ते रात्रीच ऐका. सहाव्याला लोकांचा आरडाओरडा, ग्लास वगैरे ऐकू येतील, नावातही 'लाइव्ह' आहे, फसू नका, तो सगळा गोंधळ स्टुडिओत केलेला आहे. शेवटचं गाणं गेलेल्या तीन मित्रांवर, मागे गायिका लिंडा रॉनस्टॅटपण आहे.

एवढं झाल्यावर मग एमिलूचा १९७५ चा 'पीसेस ऑफ द स्काय' काढा आणि त्यातलं 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' लावा. ते तिने ग्रॅम गेल्यावर लिहिलंय, आणि आता खालचा सूर धरायला तो नाहीये.