फिट येणाऱ्या किशोरवयीन मुलांचं मन कसं सांभाळायचं

अपस्मार म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार. तो असलेल्या किशोरवयीन मुलांत नैराश्य आणि चिंता इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. चारचौघांत फिट येण्याची धास्ती हे त्यामागचं एकमेव कारण नाही. मेंदूच्या ज्या भागांत फिट सुरू होते, ते पुष्कळदा भावनांशीही निगडित असतात. शिवाय औषधांचा परिणाम असतोच. त्यामुळे चिडचिड दिसली की ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका, आणि मुलाच्या स्वभावालाही दोष देऊ नका. आधी नोंद ठेवा.

रोज एक ओळ पुरते: झोप किती तास, गोळी चुकली का, फिट आली का, आली तर किती मिनिटं, औषध किंवा डोस बदलला का, आणि मूड 0 ते 10 मध्ये किती. मूडचा आकडा मुलानंच लिहायचा, तुम्ही अंदाजानं नाही. फिटनंतर एक-दोन दिवस उदास वाटून आपोआप सावरणं पुष्कळदा फिटचाच भाग असतो. फिट नसतानाही दोन आठवडे आकडा खालीच राहिला, मित्र तुटले, आवडीच्या गोष्टी सुटल्या, तर ते नैराश्य असू शकतं. नवं औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत राग उसळायला लागला, तर संशय औषधावर घ्या. लेव्हेटिरासिटाम आणि पेराम्पानेल या फिटवरच्या औषधांनी हे होऊ शकतं. वही घेऊन डॉक्टरांना भेटा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते, आणि त्यात जिवाला धोका असतो.

गोळ्यांवरून होणारी रोजची भांडणं तर अनेक घरांत फिटपेक्षा जास्त छळतात. सात दिवसांचे सात खण असलेला गोळ्यांचा डबा आणा. तो आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मुलानं तुमच्यासमोर भरायचा. मोबाईलला अलार्म त्याचा. ‘गोळी घेतलीस का?’ हे विचारणं बंद. रात्री डब्याकडे एक नजर टाका. महिनाभर नीट चाललं की आठवड्यातून दोनदाच बघा. गोळी चुकली तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून डब्यावर चिकटवा. चुकल्यावर ओरडलात तर पुढची चूक लपवली जाईल, फिट वाढेल, आणि औषध कमी पडतंय असं समजून डॉक्टर डोस वाढवतील. उरलेला साठा कुलपात ठेवा.

साठा कुलपात ठेवण्याचं कारण असं, की उदास मुलाच्या मनात जीव देण्याचा विचार येऊ शकतो. मूड खाली असेल तर थेट विचारा: ‘कधी जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश न करता ऐका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जीव देण्याचा बेत ठरला असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, तातडीनं रुग्णालयात न्या.

बंधनं मोजकीच ठेवा. एकट्यानं पोहणं नाही, उंचावर चढणं नाही, टबऐवजी शॉवर, बाथरूमची कडी उघडी. जागरण टाळायचंच, पण त्यासाठी मित्र तोडायची गरज नाही. मुलाच्या संमतीनं एका-दोघा मित्रांना शिकवून ठेवा: कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. कुणाला सांगायचं हे मुलानं ठरवायचं. शिक्षकांना मात्र माहीत हवंच.

तपासणीच्या वेळी दहा मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. नैराश्यावरच्या गोळ्यांनी फिट वाढेल या भीतीनं उपचार लांबवू नका. एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातली औषधं नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालतात; बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र सहसा टाळतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना अपस्मारावरच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस लिहून न्या.