खंड पडणार हे धरूनच काम आखा : मराठवाड्यात किशोरांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एम.ए. करून लातूर, बीड, नांदेडकडे किशोरांच्या मानसिक आरोग्याच्या कामात उतरणारी मुलंमुली पहिल्याच भेटीत विचारतात, कोणती थेरपी शिकू? थेरपी शिकायचीच आहे. पण आपण सोडून दिले जाऊ या धास्तीनं ज्या लेकरांना जगणं नकोसं होतं, भावना आवरत नाहीत (बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची ही लक्षणं), त्यांच्यासोबत काम करताना भेटींमध्ये खंड कधी पडणार हे आधी हेरायला शिका, असं माझं सांगणं असतं. कारण आपल्याकडे खंड पडतोच. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, लेकरं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. ‘नीट’ची परीक्षा झाली की लातूरच्या खोलीतलं पोरगं गाठोडं बांधून गावी जातं. मुलीचं लग्न ठरलं तर तिची फाइल तिथेच थांबते. आणि दर आठवड्याला यायचं म्हणजे एसटीचं भाडं अधिक आईची एक दिवसाची मजुरी. पुस्तकातला ‘आठवड्याला एक सत्र’ हा हिशोब इथे क्वचितच जमतो.

तुमच्यासमोर येणारं कुणीही ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा शब्द घेऊन येत नाही. आई म्हणते, ‘डोस्क्यात राख घालून घेती, मग दोन-दोन दिस जेवंना जाती.’ वॉर्डन म्हणतात, नाटकं करते. मुलीच्या बाह्या मात्र भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत ओढलेल्या असतात. बहुतेक घरं आधी देवऋषाकडे जाऊन आलेली असतात. त्यावरून त्यांना बोलू नका. माझी अट एवढीच असते की मारहाण नको, उपाशी ठेवणं नको, बांधून ठेवणं नको आणि डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. भुताच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे घरच्यांना धमकीच्या सुरात सांगू नका, शांतपणे कानावर घाला.

निदानाची घाई करू नका. निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतील, पण तुम्ही लिहिलेल्या नोंदींवर त्यांची मोठी भिस्त असते. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, बॉर्डरलाइनचे नऊ निकष आहेत आणि त्यातले किमान पाच दिसावे लागतात. वय अठराच्या आत असेल तर ही लक्षणं किमान वर्षभर टिकलेली हवीत. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तर अठराच्या आत करताच येत नाही. म्हणून ‘हट्टी’, ‘लक्ष वेधून घेते’ असे शेरे केस पेपरवर लिहू नका. काय घडलं, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चाललं, शांत कशानं झालं, हे लिहा. नैराश्य, अत्याचाराचा आघात, व्यसन, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) यांचं चित्र वरवर सारखंच दिसू शकतं, आणि एकाच लेकरात यातलं दोन-तीनही असू शकतं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. कोवळं वय आहे, नाव नकोच, असं म्हणून वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. वेळेवर ओळख पटली तर उपयोग होतो. अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या बहुतेकांची लक्षणं दहा वर्षांच्या आत ओसरलेली होती. नोकरी आणि नाती सावरायला मात्र जास्त काळ लागला. आई-बापांना हे दोन्ही सांगा, नुसता पहिला अर्धा भाग नको.

औषधांबद्दलही खरं सांगावं लागतं. खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. सोबत असलेलं नैराश्य किंवा चिंता यांवर डॉक्टर औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना हाताळण्याची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती) त्यात सर्वात जास्त अभ्यासली गेली आहे, आणि तिचं किशोरांसाठीचं रूप कुटुंबालाही सोबत बसवतं. पूर्ण डीबीटी चालवायला प्रशिक्षित टीम लागते, ती आपल्याकडे सहसा नसते. पण तिची काही कौशल्यं योग्य देखरेखीखाली कुठेही शिकवता येतात. भावनेचा भडका उडाला की तोंडावर गार पाणी मारणं (हृदयाचा किंवा खाण्याचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून), दम लागेपर्यंत जिने चढणं, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेणं. वसतिगृहाच्या मोरीतही हे होतं. आणि सल्ला देण्याआधी मान्य करणं: ‘आई न सांगता गेली, तुला राग येणारच.’ इथे मान्य करतो ती भावना. कापून घेणं बरोबर होतं असं आपण म्हणत नाही.

आता खंडाबद्दल. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दिवाळी जवळ आली की तिची भांडणं आणि हातावर कापणं वाढायचं. लेकरू रडेल म्हणून आई दरवर्षी पहाटे गुपचूप निघायची. आईची माया खरी होती, पण मुलीला दरवर्षी रिकामं अंथरूण दिसायचं. आम्ही आईला तारीख आधी सांगायला लावली, निरोप दिवसाउजेडी घ्यायला लावला, फोनचा वार ठरवला आणि आईचा फोन बंद असेल तर मुकादमाचा नंबर लिहून ठेवला. त्या हंगामात कापणं पूर्ण थांबलं नाही. पण ब्लेड हातात घेण्याआधी ती वॉर्डनच्या खोलीपर्यंत जायला लागली. आमच्या कामात ही मोठी गोष्ट धरतात. ऊसतोडीच्या घरातलं प्रत्येक लेकरू आजारी पडतं असं मुळीच नाही. ज्याला सोडलं जाण्याची भीती आधीच खाते, त्याला मात्र तो हंगाम जड जातो.

जिवाच्या सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोला. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हे पहिल्याच भेटीत विचारा, आणि ते घराबाहेर, कुलपात, चावी मोठ्या माणसाकडे, अशी सोय लावून घ्या. मरावंसं वाटण्याची लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो मुलाच्या वहीत लिहून द्या. पोलिसांच्या भीतीनं घरं आत्महत्येचा प्रयत्न लपवतात, दवाखान्यात उशिरा पोचतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ त्यांना समजावून सांगा: अन्यथा सिद्ध होत नाही तोवर प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालत नाही.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्या भेटीतच सांगितल्या तर पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

पदवीचं थोडक्यात. नुसत्या एम.ए.वर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, म्हणून फी भरण्याआधी त्या कॉलेजची मान्यता परिषदेच्या यादीत तपासा. राज्यातली ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही जुनी चार मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत, पण अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथल्या ओपीडीत बसायची परवानगी मागा.

शेवटचा खंड तुमचाच असतो. या क्षेत्रातल्या बऱ्याच नेमणुका करारावर असतात, आणि करार संपला की जावं लागतं. ते लेकरांना किमान महिनाभर आधी सांगा. त्यावर काही जण चिडतील, काही भेटीला यायचे बंद होतील, एखादी पुन्हा हात कापून घेईल. यासाठी वरिष्ठांशी आधी बोलून ठेवा. नवीन समुपदेशकाला शेवटच्या दोन भेटींत सोबत बसवा, आणि लेकराची सुरक्षा योजना (जीव नकोसा झाला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा याची लिहिलेली यादी) तिघांनी मिळून पुन्हा वाचा, म्हणजे पुढचा फोन कुणाला करायचा हे त्याला तुमच्यासमोरच पाठ झालेलं असेल.