बार्सिलोनाहून क्रूझ: रुपयाचं बटण दाबू नका, केटल घरी ठेवा

आमच्या पहिल्या क्रूझच्या आदल्या संध्याकाळी बार्सिलोनात जेवण झालं आणि वेटरने कार्डाचं मशीन पुढे केलं. पडद्यावर दोन पर्याय: युरो की रुपये? नवऱ्याने हौसेने रुपये दाबले. "बघ, आपला रुपया इथेही चालतो!" (ते महागात पडलं; का, ते सहाव्या मुद्द्यात.) दुसऱ्या दिवशी जहाजावर रात्रीचे नऊ वाजले तरी मोठी बॅग केबिनपाशी आलेली नव्हती. रिसेप्शनवर गेलो, तर तिथल्या मुलीने एवढंच विचारलं, "आत केटल आहे का?" होती. चहाच्या मसाल्यासकट.

तेव्हापासून माझं मत असं, की क्रूझवर पैसा आणि बॅग भर समुद्रात फारशी हरवत नाही. घोळ होतो तो निघण्याआधीच्या आठवड्यात आणि चढण्या-उतरण्याच्या दिवशी. म्हणून त्याच क्रमाने सांगते. डोळ्यांसमोर बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोआ, रोमचं बंदर चिव्हिताव्हेक्या असं फिरून परत येणारी सात रात्रींची फेरी आहे.

१. जहाजाचं चलन आधी विचारा

युरोपला चाललोय म्हणजे युरो घ्यायचे, हा हिशेब बंदरापुरता बरोबर आहे. जहाजाचा कायदा वेगळा. एमएससी आणि कोस्टा या क्रूझ कंपन्या भूमध्य समुद्रात युरोमध्ये बिल करतात. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनच्या जहाजांवर त्याच समुद्रात डॉलर चालतो. तुम्ही फॉरेक्स कार्डावर (आधीच परकी चलन भरून ठेवायचं कार्ड) फक्त युरो भरले आणि जहाजाने डॉलरमध्ये पैसे कापले, तर क्रॉस करन्सी शुल्क लागतं. बऱ्याच कार्डांवर ते ३ ते ३.५ टक्के असतं. म्हणजे जे टाळायला कार्ड काढलं, तेच पुन्हा भरायचं.

आम्ही आता असं करतो: बंदरातल्या खर्चाला युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड, जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं आणि त्यापोटी तुमच्या बँक कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादेतून वजा दिसते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि फेरी संपल्यावरही सुटायला दिवस लागतात.

क्रेडिट कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, किती, तेही बघून ठेवा. साधारण २ ते ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचे असे ४.१३ होतात. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात. दर वर्षी बाहेर जाणार असाल तर तेच काढा.

पॅकेज आपल्याकडच्या एजंटकडून घेत असाल तर 'आरओई' कुठल्या दिवसाचा आणि किती, हे लेखी घ्या. आरओई म्हणजे त्यांनी लावलेला विनिमय दर. बँकेच्या त्या दिवसाच्या दरापेक्षा तो रुपया-दोन रुपये चढा असतो आणि त्याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. आपोआप लागणारी टिप आत धरली आहे का, हेही विचारा. डॉलरवाल्या जहाजांवर ती माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या घरात असते. दोघांची सात रात्रींची २२४ ते २८० डॉलर होते.

२. बँकेचं अ‍ॅप घरीच उघडा

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू करून मिळतात. परदेशातला वापर अ‍ॅपमधून आपणच सुरू करायचा असतो. हे मुंबई विमानतळाआधी करा. समुद्रात ओटीपी येत नाही, आणि यावा म्हणून रोमिंग चालू ठेवलंत तर फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो. त्याचं बिल बघून रुपयाच्या बटणाचं दुःख विसरायला होतं. बंदर सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका.

३. बॅग भरताना दोन तपासण्या लक्षात ठेवा

पहिली तपासणी आपल्या विमानतळावर. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत हवी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढा. त्यात तेल भरपूर असल्याने खोबरं ज्वलनशील मालात मोडतं. अशा वस्तूसाठी बॅग बाजूला काढली, की ती पुढच्या विमानाने येण्याची शक्यता वाढते.

दुसरी तपासणी जहाजाच्या धक्क्यावर, आणि तिची आपल्या लोकांना कल्पनाच नसते. प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते. केटल, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेंशन बोर्ड, मोठी सुरी, हे सगळं आगीच्या किंवा सुरक्षेच्या कारणाने बंद. बॅगेत असं काही दिसलं, की ती केबिनकडे न जाता सुरक्षा विभागाच्या खोलीत जाते. तुमची बॅग 'हरवली' असेल, तर आधी तिथे जा.

दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे भरा. एक अडली तरी दोघांचं भागतं. बाहेर नाव-नंबर लिहितोच आपण; आतही एक कागद ठेवा, त्यावर +९१ सकट मोबाइल आणि जहाजाचं नाव, बंदरं, तारखा. काळ्या बॅगांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून मी हँडलला जुन्या इरकलीचा काठ बांधते. लाल रिबिनी शंभर जणांच्या असतात, इरकल अजून दुसऱ्या कुणाची दिसली नाही.

४. एक दिवस आधी पोहोचा

यात काटकसर करू नका. मुंबईहून दुबई किंवा दोहा करत बार्सिलोनाला जाताना मधल्या विमानतळावर बॅग मागे राहिली, तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येते. तुम्ही त्याच दुपारी जहाजात चढणार असाल, तर बॅग येईपर्यंत तुम्ही मार्सेयच्या वाटेवर. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या आणि काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर बीसीएन हा बार्सिलोनाचा कोड आहे ना, ते स्वतः वाचा. पट्टीची पावती आणि बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

बॅग आलीच नाही, तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी पीआयआर ही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पत्ता म्हणून नुसतं हॉटेल देऊ नका. जहाजाच्या सगळ्या बंदरांची तारखांसह यादी द्या, म्हणजे बॅग पुढच्या एखाद्या बंदरावर पाठवता येते. जहाजाच्या रिसेप्शनलाही तोच क्रमांक कळवा. गरजेपुरते कपडे घ्यावे लागले तर पावत्या जपा. बॅग उशिरा मिळाली तर हाती पडल्यापासून २१ दिवसांत, मोडतोड असेल तर ७ दिवसांत लेखी दावा करायचा असतो. २१ दिवसांतही आली नाही तर ती हरवलेली धरता येते. हे नियम विमानप्रवासाच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराचे, आणि भारत त्यात २००९ पासून आहे.

५. चढायच्या दिवशी

बंदरावरचे हमाल बॅगा घेतात, त्याआधी घरी छापून आणलेली केबिनची पट्टी घट्ट बांधा. बॅग केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, दागिने, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. मधुमेहाची किंवा बीपीची गोळी मोठ्या बॅगेत टाकणं म्हणजे उगाच संकट ओढवून घेणं.

मग रिसेप्शनवर एकच प्रश्न विचारा: "माझ्या कार्डावर जहाजाच्याच चलनात पैसे कापणार ना?" काही कंपन्यांच्या अटींमध्ये कार्डाच्या देशाच्या चलनात बदल करण्याची मुभा असते, आणि ती नको असेल तर आपण सांगावं लागतं.

६. बंदरात उतरल्यावर

दुकान, टॅक्सी, कॉफी, कुठेही मशीनने विचारलं तर युरो. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात तिची कमाई मिसळलेली असते. वर, परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर आपल्या अनेक बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणजे दुहेरी मार. वेटर कधी कधी न विचारता स्वतःच बटण दाबतो. पावतीवर रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. संकोच नको, त्यांना सवय आहे. एटीएमवर 'विदाउट कन्व्हर्जन' निवडा. तो पर्याय मुद्दाम भीतीदायक भाषेत लिहिलेला असतो, पण पैसे येतात.

७. शेवटची रात्र

केबिनमध्ये रंगीत पट्ट्या येतात. रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. उद्याचे कपडे आधी बाहेर काढा. मी एका गृहस्थांना ब्लेझर आणि नाइट पॅंटमध्ये नाश्ता करताना पाहिलं आहे. सकाळी टर्मिनलमध्ये रंगानुसार बॅगा मांडलेल्या असतात, आणि दुसऱ्याची बॅग उचलून नेण्याचा प्रकार इथेच सर्वांत जास्त होतो. एकच आटोपशीर बॅग असेल, तर ती बाहेर न ठेवता स्वतः ओढत उतरता येतं.

बिल रात्रीच केबिनच्या टीव्हीवर तपासा. सकाळी रिसेप्शनसमोर पंढरीच्या वारीएवढी रांग असते.

आमची केटल आम्हाला त्याच सकाळी परत मिळाली, वर केबिन नंबरची चिठ्ठी लावलेली. आता मसाला तेवढा नेते. गरम पाणी बुफेत मिळतं.