महाविद्यालयाच्या आवारातील भांडार जबाबदारीने कसे चालवावे

महाविद्यालयाचे ग्राहक भांडार पर्यावरणस्नेही करायचे ठरले की पहिली सूचना हमखास कागदी पिशव्यांची येते, आणि त्या गल्ल्यावर आल्या की काम झाले असे मानून खरेदी समिती उठते. हा सल्ला मला मान्य नाही. भांडाराच्या हाती खरी सत्ता असते ती माल मागवण्याच्या क्षणी: तो कोणाकडून घ्यायचा, किती मुदत द्यायची आणि पैसे केव्हा चुकते करायचे, हे तिथेच ठरते. पिशवीबद्दल एवढेच सांगतो की ती मागितल्याशिवाय देऊ नये आणि फुकट तर मुळीच देऊ नये.

पहिला टप्पा: बिले आणि बंदी

मागील वर्षाची खरेदीची बिले काढून सर्वाधिक रकमेच्या चार-पाच वस्तू निवडाव्यात आणि पुढची मेहनत त्यांच्यावरच खर्च करावी.

त्याच वेळी कायद्याने बंद असलेले सामान हलवावे. प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी लागते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. हे कायद्याचे पालन आहे. त्याचे श्रेय घेणारा फलक लावू नये.

दुसरा टप्पा: जर्नल आणि वह्या

पुनर्वापरित कागदाचा शोध घेण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटावे. अनेक विषयांत वर्षअखेरीस जर्नलची बरीच पाने कोरी राहतात, कारण पानांची संख्या प्रयोगांच्या संख्येशी ताडून ठरवलेली नसते. ती कमी करून घेतल्यास कागद वाचतो आणि विद्यार्थ्याचे पैसेही वाचतात. मुखपृष्ठावर प्लास्टिकचे लॅमिनेशन नको आणि बांधणी स्पायरलची नको. दोन्हींमुळे जुनी वही रद्दीत देताना कागद वेगळा काढावा लागतो.

तिसरा टप्पा: महाविद्यालयाचा टी-शर्ट

या टप्प्यावर आमचे भांडार बराच काळ अडखळत होते, कारण प्रश्न कापडाचा आहे असे आम्हाला सर्वांनी सांगितले होते. ‘ऑरगॅनिक कापूस घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. स्नेहसंमेलनाच्या टी-शर्टची मागणी बहुधा शहरातील छपाईवाल्याकडे जाते. तो कोरे टी-शर्ट ठोक व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी तमिळनाडूतील तिरुप्पूरहून मागवतो, आणि तिथला कारखाना शिलाईचे काम अनेकदा लहान जॉबवर्क युनिटकडे, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्या छोट्या कारखान्याकडे, सोपवतो. दरपत्रकावर यांपैकी फक्त छपाईवाल्याचे नाव असते. त्यामुळे न्यूनतम दराचा तुलनात्मक तक्ता कितीही काटेकोर केला, तरी ज्या हातांनी शिलाई केली त्यांना किती मजुरी मिळाली, हे त्यातून कळत नाही.

म्हणून दरपत्रक मागवतानाच अट घालावी की शिलाई जिथे झाली त्या युनिटचे नाव आणि पत्ता लेखी द्यावा लागेल. अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच मागणीसाठी आंदोलने केली, आपल्या बोधचिन्हाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचे पत्ते कंपन्यांना उघड करायला लावले, आणि त्यातून २००० साली ‘वर्कर राइट्स कन्सॉर्टियम’ ही देखरेख करणारी संस्था उभी राहिली. आपले एकटे भांडार तेवढे करू शकणार नाही, पण आजूबाजूच्या तीन-चार महाविद्यालयांनी मागणी एकत्र केली तर व्यापारी पत्ता देतो, असा माझा अनुभव आहे.

मिळालेला पत्ता पडताळावा. परराज्यातून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल येतो तेव्हा त्यासोबत ई-वे बिल (मालवाहतुकीचे ऑनलाइन नोंदपत्र) असते आणि त्यात माल कुठून निघाला ते नोंदलेले असते. त्याची प्रत मागावी. प्रमाणपत्र दाखवले गेले तर ते कशाचे आहे हे नीट वाचावे. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या मानकात स्कोप प्रमाणपत्र एवढेच सांगते की ते युनिट प्रमाणित आहे. विशिष्ट माल प्रमाणित असल्याचा पुरावा म्हणजे व्यवहार प्रमाणपत्र, आणि ते मिळत नसेल तर ‘ऑरगॅनिक’ हा शब्द टी-शर्टवर छापू देऊ नये. शिलाईचे युनिट चांगले निघाले म्हणून सूतगिरणीही चांगली असेल असे गृहीत धरू नये. तमिळनाडूतील काही गिरण्यांत अविवाहित मुलींना साधारण तीन वर्षांच्या कराराने राबवून मोठी रक्कम अखेरीस देण्याची ‘सुमंगली’ पद्धत अभ्यासकांनी आणि कामगार संघटनांनी उघडकीस आणलेली आहे.

यानंतरची गोष्ट मी सर्वांत आग्रहाने सांगतो, कारण ती पूर्णपणे आपल्या हातात आहे: मुदत. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस मागणी नोंदवणारे भांडार स्वतःच रात्रपाळी आणि बेनामी जॉबवर्क मागवत असते. इतक्या कमी दिवसांत कोणतेही बरे युनिट ते काम आपल्या नेहमीच्या कामगारांकडून नेहमीच्या वेळेत करून देऊ शकत नाही. मापांची नोंदणी ऑगस्टमध्ये पूर्ण करावी, मागणी सप्टेंबरमध्ये द्यावी आणि नंतर विद्यार्थी प्रतिनिधींनी कितीही आग्रह केला तरी रचना बदलू नये. टी-शर्टवर वर्ष छापू नये. छापले की उरलेला माल पुढच्या वर्षी कोणी घेत नाही. छपाई पाण्यावर आधारित शाईने करून घ्यावी, कारण नेहमीची प्लास्टिसॉल शाई पीव्हीसी या प्लास्टिकची असते. गडद कापडावर पाण्याच्या शाईला अधिक कसब लागते आणि छपाईवाला कुरकुरतो, तेव्हा फिका रंग निवडावा.

चौथा टप्पा: पैसे

बचत गटाकडून चिवडा, लाडू किंवा कापडी पाऊच घेऊन त्यांचे बिल तीन महिने लेखा विभागात पडू देणे ही जबाबदार खरेदी नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या तारखेला, आणि फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. गटाची या कायद्याखालची ‘उद्यम’ नोंदणी असो वा नसो, भांडाराने स्वतःसाठी पंधरा दिवसांची मर्यादा घालून घ्यावी आणि पहिल्या मागणीला निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. गटाला गूळ-शेंगदाणे आधी रोखीने घ्यावे लागतात. आपली उधारी त्या महिलांनी आपल्या घरखर्चातून सोसावी, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

पाचवा टप्पा: परत घेणे

प्रयोगशाळेचे अ‍ॅप्रन, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर आणि पाठ्यपुस्तके सत्र संपताच परत विकत घ्यावीत आणि जूनमध्ये नव्या मालाच्या शेजारीच मांडावीत. कोपऱ्यातल्या खोक्यात टाकलेली जुनी वस्तू कोणी विचारत नाही. अ‍ॅप्रन धुऊन, इस्त्री करून ठेवावेत. सुका कचरा वेगळा ठेवून कचरावेचकांच्या संस्थेकडे द्यावा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आहे. वापरलेले बॅटरीचे सेल अधिकृत संकलकाकडेच जावेत.

सहावा टप्पा: फलक

ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांबाबत केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम लिहिण्याऐवजी शिलाई कुठे झाली, पुरवठादाराला पैसे किती दिवसांत दिले आणि कोणत्या वस्तूची माहिती अद्याप मिळालेली नाही, हे प्रत्येक सत्राला दर्शनी भागात लावावे आणि त्याखाली खरेदी समितीच्या सदस्यांच्या सह्या असाव्यात.