किनाऱ्यावरील घरासाठी गरम पाण्याची साठवण

मालवण-गुहागरकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांनी सौर बंबाची टाकी उष्णतेची साठवण म्हणूनच निवडावी. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यात सुमारे ८ युनिट विजेइतकी ऊर्जा साठते; ती पहाटेपर्यंत टिकवण्यासाठी टाकीभोवती पफचा (उष्णता रोखणाऱ्या पॉलीयुरेथेन फोमचा) जाड थर हवाच. पॅनेल दक्षिणाभिमुख असावे, त्यावर माडांची सावली नसावी. खरी काळजी पाण्याची. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ असल्यास स्टेनलेस स्टीलही जोडांपाशी गंजू शकते, म्हणून आतून काचेसारखा लेप दिलेली टाकी घ्यावी आणि तिच्यातील मॅग्नेशियमची कांडी, जी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते, दरवर्षी काढून पाहावी. ती झिजून आतली तार दिसू लागली असेल, तर लगेच बदलावी. पावसाळ्यासाठी विजेचा हीटर थर्मोस्टॅटसह बसवावा.